माळावरच्या मेंढपाळ मामांचे जाहीर आभार

मामा, नमस्कार.

कझाकस्तानाकडच्या गवताळ मुलखातून थंडीत येणारा भोवत्या हा शिकारी पक्षी शोधायचा, तर नुसता माळ तुडवून भागत नाही. दिवसा तो गवतावरून जेमतेम पुरुषभर उंचीवर तरंगत जातो आणि बांधापलीकडे गेला की संपलं. त्याला गाठायचं ते रातथाऱ्यावर, म्हणजे तो रात्री मुक्कामाला उतरतो तिथे. तो जमिनीवर, गवतात झोपतो हे आम्हाला ठाऊक होतं. पण चरून न संपलेलं गुडघाभर गवत कुठे उरलंय, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? त्या पट्ट्यात तुम्ही मेंढरं घातली नाहीत आणि संध्याकाळी कुत्री बांधून ठेवलीत, त्याबद्दल आधी आभार.

तुमच्या सांगण्यावरून बसायची जागाही बदलली. रातथाऱ्याच्या पश्चिमेला, तीनेकशे मीटर लांब, बांधाच्या आडोशाला. मावळतीचं ऊन पाठीवर आलं आणि रंग नीट दिसले. बसायचं सूर्यास्ताच्या तासभर आधी आणि उठायचं पूर्ण अंधार पडल्यावर, बॅटरी न लावता. मधेच कुणी उभं राहिलं तर पक्षी घिरट्या घालत राहतात आणि शेवटी भलतीकडेच उतरतात. मोजणीतली गफलतही इथलीच: उतरलेला पक्षी पुन्हा उठून जागा बदलतो. म्हणून उतरणारे मोजायचे नाहीत. बाहेरून आत येणारे मोजायचे आणि परत गेलेले वजा करायचे.

ओळख पटवणं मात्र किचकट. पॅलिड हॅरियर या जातीच्या भोवत्याचा नर फिकट राखाडी, पंखाच्या टोकाला काळी पाचर. माँटेग्यू या दुसऱ्या जातीच्या नराच्या पंखावर आडवी काळी पट्टी असते. तपकिरी माद्या आणि पिल्लं भल्याभल्यांना चकवतात. पॅलिडच्या गळ्याभोवती फिकट पट्टा आणि त्यामागे गडद मान दिसली तर ठीक, नाहीतर वहीत नुसतं 'भोवत्या' लिहावं. अंदाजानं नाव ठोकण्यापेक्षा ते बरं.

उन्हं चढल्यावर जमिनीवरची हवा थरथरते, तेव्हा महागडी दुर्बीणही कामाची नाही. स्कोप साठपटीवर नेला की थरथरही तेवढीच मोठी होते, वीस-तीसपट पुरे. त्या वेळात, पक्षी निघून गेल्यावर, तुम्ही दाखवलेल्या कडेनं आम्ही त्यांनी ओकलेल्या गोळ्या वेचल्या. एक फोडली तर नाकतोड्यांचे पाय, उंदराचे केस आणि चंडोलासारख्या एखाद्या पाखराची पिसं निघाली. माळाला 'पडीक' म्हणून त्यावर झाडांसाठी खड्डे खणणाऱ्यांना ती गोळी दाखवायला हवी.

गाडी गवतात घालून फोटो काढू पाहणाऱ्यांना तुम्ही अडवलंत, तेही बरं केलंत. जागेचं नाव आम्ही इथे मुद्दाम लिहिलेलं नाही.

एक विनंती: पायात अभ्यासकांनी घातलेलं कडं असलेला मेलेला किंवा जखमी भोवत्या सापडला, तर जिवंत पक्ष्याचं कडं काढू नका. त्यावरची अक्षरं-आकडे दिसतील असा फोटो काढून ठेवा आणि तारीख लक्षात ठेवा. बाकी आम्ही बघतो.

आपले,
माळावरचे पक्षी मोजणारे