दुसऱ्या बर्थवर तुझे नाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सात महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही आणि आज लिहितो आहे ती कबुली आहे, तेव्हा आधी तीच देऊन टाकतो. मंगळवारी रात्री पावणेबारा वाजता मी इंडोनेशियातल्या अंबोन ते सोरोंग अशा अकरा रात्रींच्या बोटीच्या सफरीत एक केबिन राखून ठेवली. केबिन दोघांची आहे. दुसऱ्या प्रवाशाच्या नावाचा रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकेना, म्हणून मी तिथे तुझे नाव लिहिले, तुला न विचारता. हिला सकाळी सांगितले तेव्हा ती चहाचा कप खाली न ठेवता म्हणाली, "चाळीस वर्षे तुम्ही दोघे ही बेटे कागदावर फिरता आहात, एकदाचे जा आणि सुटा."

माझी तब्येत ठीक आहे. डोळ्यांतला दाब थेंबांवर आटोक्यात आहे. वहिनींच्या पाठीचे आणि तुझ्या गुडघ्याचे कळव. गुडघ्याचे सविस्तर कळव, कारण त्याचा संबंध पुढे येणार आहे.

मला काळजी एकच आहे आणि ती दुसऱ्या कोणाला सांगितली तर तो हसेल. बोट बत्तीस मीटर लांब आहे, प्रवासी चौदा, जेवणाचे टेबल एक, आणि आपली केबिन एवढी की एकाने सदरा घालायचा तर दुसऱ्याने पलंगावर बसावे. त्या डोंगरावरून उतरताना आपण नेमके कशावरून भांडलो हे आज मला आठवत नाही, परंतु परतीच्या गाडीत तू इंजिनाजवळच्या डब्यात बसलास आणि मी शेवटच्या, हे पक्के आठवते. बोटीला दुसरा डबा नसतो. समुद्राचे भय मला फारसे नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तू बोलेनासा झालास तर मी कोणत्या दिशेला चालत जाऊ, हा प्रश्न मला रात्री दोन वाजता पडतो.

म्हणून मी माझ्या सवयीप्रमाणे बाकीच्या सगळ्या काळज्या व्यवस्थित करून ठेवल्या आहेत, म्हणजे ही एक तेवढी मोकळी राहील.

तारीख ठरवायला पाच आठवडे लागले, आणि तू हसण्याआधी कारण ऐक. बांदा समुद्रात साधारण जून ते सप्टेंबर आग्नेयेकडचे वारे जोरात वाहतात, डिसेंबरपासून पश्चिमेचा पावसाळी वारा सुरू होतो, आणि या दोन्ही मोसमांच्या सांध्यात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि पुन्हा एकदा मार्चअखेरीपासून मेपर्यंत, पाणी त्यातल्या त्यात शांत असते. कोमोडो बेटांचा हंगाम आटोपून सोरोंगजवळच्या राजा आम्पात बेटांकडे निघालेल्या बोटी याच सांध्यात मुक्काम हलवतात आणि वाटेतल्या या समुद्रातून प्रवासी घेऊन जातात. त्यामुळे वर्षात मोजक्याच फेऱ्या मिळतात आणि एक हंगाम हुकला की पुढच्यासाठी निदान चार-पाच महिने थांबावे लागते. अकरा वर्षांपूर्वी मी हुकवला तो हाच हंगाम होता. 'तू नकाशा वाचणारा माणूस आहेस, जाणारा नव्हेस,' हे तुझे वाक्य मला तेव्हा लागले ते खोटे होते म्हणून नव्हे. तू ते वहिनींच्या देखत म्हणालास म्हणून. एकांतात म्हणाला असतास तर मी त्याच वेळी कबूल केले असते.

त्यानंतर तू रागारागाने त्या बारा मजली जहाजावर गेलास आणि घसरगुंडीवरचा फोटो पाठवलास. 'यात समुद्र कुठे आहे?' असे मी उत्तर पाठवायला नको होते, हे मान्य. तरीही प्रश्न रास्त होता, असे माझे अजूनही मत आहे. तेवढ्या जहाजाला खोल पाणी आणि लांब धक्का लागतो. राजा आम्पातमधल्या मिसूल बेटाच्या भोवती चुनखडीचे जे झाडी माजलेले सुळके पाण्यातून वर आले आहेत, त्यांच्या मधल्या अरुंद वाटांत शिरायला लहान बोट आणि तिच्यामागे बांधलेली रबरी होडीच हवी.

आपली बोट पिनिसी घाटाची आहे. दक्षिण सुलावेसीच्या किनाऱ्यावर ताना बेरू नावाचे गाव आहे, तिथे किनाऱ्याच्या वाळूतच अशा बोटी बांधतात, आणि त्यांची पद्धत आपल्या समजुतीच्या अगदी उलट आहे: आधी फळ्यांना फळ्या जोडून बाहेरचे कवच उभे करतात आणि आतल्या फासळ्या त्यानंतर बसवतात. या कौशल्याला २०१७ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. दोन डोलकाठ्या आणि सात शिडे असा तिचा परंपरागत थाट असतो; मात्र तू फार हुरळून जाऊ नकोस, कारण प्रवाशांच्या बोटी चालतात त्या इंजिनावर आणि शिडे बहुतेक छायाचित्रांपुरती चढवतात. वेग आठ नॉट, म्हणजे ताशी सुमारे पंधरा किलोमीटर. तुझी सायकल उतारावर याहून वेगाने जात असे.

त्या सायकलीवरून आठवले. बांदाच्या दहा-अकरा बेटांत रन नावाचे एक चिमुकले बेट आहे. जायफळाची झाडे एके काळी जगात फक्त या बांदा बेटांवर होती, आणि त्यासाठी डच व इंग्रज इतके भांडले की अखेर १६६७च्या ब्रेडाच्या तहात इंग्रजांनी रनवरचा हक्क सोडला आणि डचांनी मॅनहटन इंग्रजांकडे राहू दिले. आठवीत तू माझा ॲटलास घेतलास आणि मला ती बिनब्रेकची सायकल दिलीस. त्या सौद्यात रन कोणाला मिळाले आणि मॅनहटन कोणाला, याचा निकाल मला रनच्याच किनाऱ्यावर बसून लावायचा आहे.

थट्टा बाजूला ठेवून सांगतो, बांदाला जायचे ते एवढ्यासाठी नाही. १६२१ साली डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान पीटरसून कूनने ती बेटे जिंकली तेव्हा सुमारे १५,००० लोकसंख्येपैकी हजारभर माणसे उरली, असा अंदाज देतात. बाकीची मारली गेली, उपासमारीने मेली, पळाली किंवा गुलाम म्हणून नेली गेली. कनारीच्या उंच झाडांच्या सावलीत जायफळीच्या बागा आजही आहेत, फळ उकलले की आत लाल जायपत्रीचे जाळे दिसते, आणि वर टेकाडावर बेल्गिका नावाचा पंचकोनी किल्ला उभा आहे. आपल्या सरांनी हे सगळे वर्गात दोन वाक्यांत उरकले होते आणि तू तेव्हा बाकावर माझे दप्तर बांधून ठेवत होतास. मला तिथे एकदा नीट, गप्प बसून पाहायचे आहे, आणि गप्प बसण्यासाठी तुझ्याइतका चांगला सोबती मला अजून मिळालेला नाही. तू रागावलेला नसलास तर.

आणखी एक गोष्ट मुद्दाम तुझ्यासाठी राखून ठेवली होती. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या महंमद हत्ता आणि सुतान शाहरिर या दोघांना डच सरकारने १९३६ साली याच बांदातल्या नेइरा बेटावर हद्दपार केले आणि १९४२पर्यंत ते तिथे राहिले. बेटावरच्या मुलांना ते शिकवीत. पुढे एक देशाचा उपराष्ट्रपती झाला आणि दुसरा पंतप्रधान. दोन हट्टी, बुद्धिमान माणसांनी अर्ध्या दिवसात पायी पालथे घालता येईल अशा बेटावर सहा वर्षे काढली, मग आपल्याला अकरा रात्री निभायला हरकत नसावी, असा धीर मी स्वतःला देतो. अर्थात त्यांना एकच केबिन नव्हती.

केबिन मी खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मधोमध असलेली निवडली आहे. वरच्या मजल्यावरच्या पुढच्या केबिनला मोठ्या खिडक्या आणि सुंदर देखावा असतो, परंतु बोट हेलकावते तेव्हा सर्वांत जास्त तीच हलते. मधोमध आणि पाण्याच्या पातळीजवळ हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. बोट लागू नये म्हणून कानामागे लावायची जी पट्टी असते ती माझ्या डोळ्यांच्या दाबामुळे डॉक्टरांनी मला मना केली आहे, म्हणून गोळ्यांवर भागवावे लागेल. अंबोनहून बांदाला पोहोचायला अख्खी रात्र जाते आणि तिथून सेराम बेटाच्या पूर्व टोकाला वळसा घालून मिसूल गाठेपर्यंत आणखी लांबचा पल्ला उघड्या समुद्रातून आहे. त्या रात्री मी तुला चेष्टेचा विषय पुरवीन, ही हमी घे.

खालच्या केबिनचा एक दोष मात्र मला झोपू देत नाही. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ पाण्यात बुड्या मारायला जाणाऱ्या प्रवाशांच्या कन्सेप्शन नावाच्या बोटीला रात्री आग लागली आणि खालच्या मजल्यावर झोपलेली ३४ माणसे गेली. खालून वर येण्याच्या दोन्ही वाटा वरच्या एकाच खोलीत निघत होत्या आणि आग तिथेच होती. शिवाय रात्री फेरी घालून जागता पहारा ठेवणारे कोणी नव्हते. हे वाचल्यापासून बोटवाल्यांना मी नऊ प्रश्न लिहून पाठवले आहेत: केबिनमधून बाहेर पडण्याच्या दोन वाटा कोणत्या आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी निघतात का; रात्री बारा ते सहा जागे कोण असते; कॅमेऱ्यांच्या आणि दिव्यांच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करतात आणि त्या रात्रभर लावून ठेवू देतात का; फुगणारे तराफे किती माणसांचे आहेत; उपग्रह फोन आहे का; पहिल्या दिवशी जॅकेट घालून कवायत घेतात का; आणि असेच आणखी तीन. पहिले उत्तर आले, त्यात फक्त हसरा चेहरा आणि 'निश्चिंत रहा' एवढेच होते. मी निश्चिंत न राहता तेच प्रश्न पुन्हा पाठवले. काल बोटीचा आराखडाच आला. आपल्या केबिनसमोरच्या बोळाच्या एका टोकाला जिना आहे आणि दुसऱ्या टोकाला डेकवर उघडणारे झाकण आहे. त्या झाकणाला लोखंडी शिडी आहे. म्हणून गुडघ्याचे सविस्तर कळव म्हणालो.

गुडघा आणखीही लागेल. बहुतेक बेटांवर धक्का नाही. रबरी होडीतून मांडीभर पाण्यात उतरून किनारा गाठायचा असतो. गुनुंग आपी हा बांदाचा ज्वालामुखी सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे आणि त्याची वाट भुसभुशीत आहे. तिथे तू येऊ नकोस, खाली पाण्यात रहा. १९८८च्या उद्रेकात त्याचा लाव्हा समुद्रात उतरला आणि त्या लाव्हावर प्रवाळ इतक्या झपाट्याने वाढले की शास्त्रज्ञांनाही नवल वाटले. नळी तोंडात धरून पालथे तरंगले तरी ते दिसते, आणि तुला तोंडात काहीतरी धरून ठेवावे लागेल, हा माझा फायदा.

कोमोडोची ती तीन मीटर लांबीची घोरपड या मार्गावर नाही, हे तू एव्हाना ओळखले असशीलच. माझे मत असे की तिथे आता बोटींची गर्दी फार होते, आणि घोरपड आपल्याला पुढच्या खेपेलाही ओळख देणार नाही. त्याबदली हवामान आणि कप्तानाची मर्जी असेल तर मनुक नावाच्या निर्मनुष्य ज्वालामुखी बेटाजवळ बोट थांबेल. मनुक म्हणजे पक्षी, आणि पक्षी तिथे पुष्कळ आहेत. तिथल्या पाण्यात सापही पुष्कळ आहेत. ते अत्यंत विषारी आणि अत्यंत सौम्य स्वभावाचे असतात. ही माहिती मी तुझ्यापासून लपवणार होतो, पण न विचारता नाव लिहिल्यावर आणखी लपवाछपवी बरी दिसत नाही.

धाकटीला नोकरी लागल्याचे हिच्याकडून कळले. तिला माझे अभिनंदन सांग आणि मी स्वतः फोन केला नाही याबद्दल रागावू नको म्हणावे. घराची गळती थांबली का? निवृत्तीच्या दिवशी तू भाषणात काय बोललास ते कोणीच मला धड सांगत नाही, त्यावरून ते तिखट झाले असावे.

आता कामाचे. रविवारपासून पंधरा दिवसांत दुसरे नाव बदलता किंवा काढता येते, त्यानंतर नाही. नको असेल तर सरळ नको म्हण. मी एकटा जाईन आणि यावेळी खरोखरच जाईन. यायचे असेल तर सामान मऊ पिशवीत भर, कारण कडक सुटकेस ठेवायला बोटीत जागा नसते. अंबोनला एक दिवस आधी पोहोचायचे, कारण विमान चुकले तर बोट थांबत नाही. आणि विमा असा घे की ज्यात दूरच्या बेटावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च येतो. पारपत्र प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने वैध हवे. त्यावर तुझे नाव कसे लिहिले आहे ते अक्षर न् अक्षर कळव. मी अर्जात शाळेच्या हजेरीपटात होते तसे लिहिले आहे, आणि ते बहुधा चुकले आहे.

तुझा,
मी

ता. क. पलंग दोन आहेत आणि वेगळे आहेत, आराखड्यावर मोजून पाहिले. गोल खिडकीकडचा तू घे. घोरण्याविषयी अर्जात रकाना नव्हता.