तू कमी पडत नाहीस

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाकी सगळ्यांना जमतं गं आई, मीच कमी पडते." मग तू विषय बदललास आणि मीही तो बदलू दिला. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. बोलताना माझा आवाज भरून येईल, म्हणून लिहायला बसले.

नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी आम्हाला बजावलं होतं, लक्षणाला कारण समजू नका. ताप आला म्हणजे आत कुठेतरी काहीतरी बिनसलंय, ते शोधा. तुझं वाक्य मला त्या तापासारखं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती स्वीकारली, त्यात बर्नआउटच्या, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याच्या, तीन खुणा दिल्या आहेत. अंगातलं त्राण संपणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. तिसरी खूण पुन्हा वाच. तू कारण म्हणून जे सांगतेस ते लक्षण आहे, बाळा. आणि तिथे बर्नआउटला आजारही म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की अशी अवस्था होते, असं म्हटलंय. तुझ्या स्वभावात खोट शोधायच्या आधी तुझं काम कसं लावलंय ते बघायला हवं.

खरं सांगू, मला धसका बसला तो दुसऱ्या खुणेचा. वर्षापूर्वी तू तक्रार घेऊन येणाऱ्या लोकांच्या हकिगती सांगायचीस, कोणाचं अडलेलं काम कसं मार्गी लावलं ते. परवा म्हणालीस, "कोणाचं का काही होईना." हे बोलणं तुझं नव्हे. मन पार दमलं की आपुलकी आधी आटते. पेशंटला नावाऐवजी खाटेच्या नंबराने हाक मारायला लागलेल्या चांगल्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. एका वर्षी त्यांच्यात मीही होते.

ते वर्ष तुला आठवतं की नाही, माहीत नाही. तू दुसरीत होतीस. माझ्या वॉर्डात ड्युटी चार्ट आदल्या संध्याकाळी लागायचा. उद्या सकाळ की नाइट, हे त्याआधी कळायचं नाही. बदली मागायची सोय नव्हती, एक शब्द विचारला तरी सगळ्यांसमोर पाणउतारा व्हायचा. माझं डोकं सतत दुखायचं, झोप उडाली होती. तू वही दाखवायला आलीस की मी खेकसायचे. मला वाटायचं, आपणच नाजूक. पुढच्या वर्षी वॉर्ड बदलला. पेशंट तेवढेच, नाइट तेवढ्याच. पण तिथल्या इन्चार्ज सिस्टर महिन्याचा चार्ट आमच्यापुढे ठेवायच्या आणि म्हणायच्या, आपसात बसवा. दोन महिन्यांत माझी डोकेदुखी गेली. काम कमी झालं नव्हतं. माझ्या दिवसावर माझा थोडा हात आला होता.

याला शास्त्र आहे हे मला बऱ्याच वर्षांनी एका ट्रेनिंगमध्ये कळलं. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की सर्वांत जास्त ताण येतो तो कामाची मागणी मोठी आणि निर्णयाची मोकळीक लहान असते तिथे. लंडनमधल्या १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास डॉ. मायकेल मार्मट यांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये सुरू झाला. हृदयविकार बड्या साहेबांना होतो असा सगळ्यांचा समज. आढळलं उलटंच, खालच्या पायऱ्यांवर तो जास्त होता आणि आपल्या कामावर ज्यांचा ताबा कमी, त्यांना धोका अधिक होता. मला हे ऐकून रडू आलं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला दोष दिला होता.

तू चूक होईल या भीतीने रात्री अकरापर्यंत सगळं पुन्हा तपासत बसतेस, त्याबद्दलही सांगते. संशोधक एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या इस्पितळांत औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. कारण तिथल्या नर्सना चूक सांगायची भीती नव्हती, बाकीच्या ठिकाणी ती लपायची. तुमच्याकडे चूक झाली तर आधी काय विचारतात, "कोणी केली?" की "कशी झाली?" यावरून तुला तुझ्या ऑफिसबद्दल पुष्कळ कळेल.

तू सांगितलेल्या वेळा मी कागदावर मांडल्या. आठवड्याचे ५८ तास भरतात. ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये मांडलं. तुला घाबरवायचं नाही, पण हा आकडा तुझ्यापासून लपवणार नाही.

कंपनीने ध्यानाचं ॲप दिलंय म्हणालीस. कर, त्याने बरं वाटेल. पण ॲप चार्ट बदलत नाही. मॅनेजरशी बोलताना "मला ताण येतो" असं म्हणू नकोस, ते तुझ्यावरच उलटेल. तीन कामं पुढे ठेव आणि विचार, यातलं आधी कोणतं आणि मागे कोणतं पडलं तर चालेल? क्रम मी लावू का? एवढी मोकळीक मिळाली तरी फरक पडतो.

आणि हँडओव्हर शीक. आम्हा नर्सना घरी जाता यायचं ते हँडओव्हरमुळे. कोणत्या खाटेचं काय राहिलंय हे पुढच्या सिस्टरला सांगितलं की डोक्यावरून भार उतरायचा. तुझ्याकडून काम घ्यायला कोणी नाही, म्हणून ते तुझ्याबरोबर घरी येतं. तू ते उद्याच्या तुलाच दे. उठण्याआधी लिही, काय अर्धं राहिलं आणि उद्या किती वाजता, कुठून सुरू करायचं. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुरं काम मनात घोळत राहतं, पण त्याचा नेमका बेत आखला की ते छळायचं थांबतं. काम पुरं व्हावंच लागतं असं नाही.

झोप अशीच उडालेली राहिली किंवा जगणं नको वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि मला सांग. आणि इतकं करूनही तिथे काही हलत नसेल तर नोकरी सोड. मी त्या वर्षी सोडू शकले नाही, तुझ्यापुढे तशी अडचण नाही. घर आहे, मी आहे.

हा आठवडा रोज संध्याकाळी तो हँडओव्हरचा कागद लिहून बघ. रविवारी मला वाचून दाखव, आणि कोणत्या दिवशी जमलं नाही तेही सांग.

तुझी,
आई