बारा इंची भांडं, पंचवीस निखारे: काकांना पत्र

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

डच ओव्हनमध्ये रांधायला शिकवलंत म्हणून फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही हवामानावर घसरता. समोर मानायला गेलं तर "ते राहू दे, कोळसे बघ आधी" म्हणता. म्हणून हे चार लोकांत लिहिते आहे, म्हणजे विषय बदलायची सोय राहणार नाही. शिवाय आपली पुष्कळ मंडळी इथे अमेरिकेत, युटात, उन्हाळ्यात तंबू घेऊन डोंगरात जातात आणि रात्री नूडल्स खाऊन झोपतात. त्यांच्याही कानावर हे गेलेलं बरं.

आमचंही तसंच चालायचं. तळी, पाइनची झाडं, आकाशभर तारे, सगळं झकास, आणि जेवण म्हणजे पाकिटं. गरम पाणी ओतायचा उपमा, घरून नेलेल्या दशम्या, दुसऱ्या दिवशी आंबलेली खोबऱ्याची चटणी. जेवण हा कॅम्पिंगमधला उरकून टाकायचा भाग, अशीच माझी समजूत होती. मिरर लेकच्या कॅम्पग्राउंडवर शेजारच्या जागेवरून भाजलेल्या वाटणाचा वास आला आणि पाठोपाठ मराठी ऐकू आलं. ओळख करून घ्यायच्या आधी तुम्ही वाडग्यात कोंबडीचा रस्सा आणून दिलात, नाव-गाव नंतर विचारलंत. सावंतवाडीची माणसं अशीच, असं काकू म्हणाल्या. काकू पुण्याच्या, तेव्हा त्यात कौतुक किती आणि टोमणा किती ते तुम्हालाच ठाऊक.

डच ओव्हन मी तोवर दुकानात लांबून पाहिला होता. बिडाचं काळंकुट्ट भांडं, झाकणासकट नऊ किलोच्या आसपास वजन, खाली तीन आखूड पाय, उचलायला तारेची कडी. हे आपल्याकडे होतंच की, असं मी लगेच म्हणाले. कोकणात तवसळी, म्हणजे काकडीचा गोड केक, करताना पातेल्यावर ताटली ठेवून तिच्यावर निखारे पसरतात. गोव्यात बेबिंकाचा एकेक थर असाच वरच्या विस्तवावर भाजायचे. तुम्ही मान डोलावलीत, पण पूर्ण मार्क दिले नाहीत. झाकण उचलून माझ्यासमोर धरलंत आणि त्याच्या भोवतीची उभी कड बोटाने दाखवलीत. ताटली जरा कलली की राख थेट तवसळीत. इथे कड निखारे अडवून धरते, झाकण आपल्या वजनानेच घट्ट बसतं, वाफ कोंडते, आणि पायांमुळे भांडं अधांतरी राहून खालच्या निखाऱ्यांना वारा मिळतो. कड आणि पाय एवढ्या दोन गोष्टींनी जंगलात भट्टी तयार होते. आपलं सगळं आधीच होतं म्हणायची माझी खोड तिथे जरा कमी झाली, त्याबद्दलही आभार.

मग तुम्ही हिशेब सांगितलात, आणि तो मी गाडीच्या पावतीमागे लिहून घेतला. ती पावती आता आमच्या फ्रिजवर आहे. भांडं जितक्या इंचाचं, त्याच्या साधारण दुप्पट ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या एकसारख्या वड्या. बारा इंचीला चोवीस-पंचवीस, म्हणजे आत एकशे पंच्याहत्तर ते ऐंशी अंश सेल्सिअस. पाव किंवा केक भाजायचा असेल तर आठ खाली आणि बाकीच्या वर, कारण खालून लागलेली आच तळाला लगेच भिडते आणि वरची हळू उतरते. रस्सा किंवा डाळ असेल तर जास्त खाली, थोड्या वर. कांदा परतायचा तर सगळ्याच खाली. खालचे निखारे नेहमी गोलात ठेवायचे, मध्ये एकही नको, नाहीतर मधोमध काळा डाग पडतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी भांडं पाव फेरा एकीकडे, झाकण पाव फेरा दुसरीकडे, म्हणजे एखादा निखारा तापट निघाला तरी एकाच जागी त्याची मेहेरबानी होत नाही. आणि वारा सुटला की हा सगळा हिशेब कोसळतो, निखारे भराभर जळतात, तेव्हा वाऱ्याच्या बाजूला गाडी किंवा पेटी आडवी लावायची.

खरी शिकवणी मात्र झाकणाची होती. दर पाच मिनिटांनी माझा हात झाकण उचलायच्या आकड्याकडे जायचा, आणि तुम्ही खुर्चीतून मान न वळवता "काढू नको गो!" म्हणायचात. उघडलंस की आच गेली, ती परत यायला पुन्हा वेळ. मग कळायचं कसं? तुम्ही मला झाकणाजवळ कान न्यायला लावलात. आधी मोठा खदखदाट ऐकू येतो, मग तो बारीक होतो, आणि पाणी आटत आलं की तेलाची चुरचुर सुरू होते. भाजायच्या पदार्थाचा वास आला की तो होत आला असं समजायचं. घरच्या ओव्हनला काच आणि दिवा असतो, त्यामुळे माझं नाक इतकी वर्षं बिनकामाचं बसलं होतं. आता आमच्या जागेवर संध्याकाळी पाऊण तास कुणी काही करत नाही. लेक पत्ते पिसते, हा लाकडं रचतो, मी कोळशांशेजारी बसते, आणि भूक नीट, सावकाश लागते. पाकिटांच्या काळात भूक लागेपर्यंत जेवण संपलेलं असायचं.

डाळीबद्दलही तुमचंच ऐकते. मिरर लेक दहा हजार फुटांच्या आसपास. तिथे पाणी नव्वद अंशांच्या आगेमागेच उकळतं, त्यामुळे तूरडाळ तासन्‌तास गटांगळ्या खाते आणि दाणा तसाच राहतो. झाकण कितीही जड असलं तरी तो कुकर नव्हे, आत दाब धरत नाही. राजमा-तूर घरी, मसूर आणि मुगाची डाळ डोंगरात, हा नियम आम्ही पाळतो. लसणीची फोडणी दिलेली मसूर त्या थंडीत जशी लागते तशी घरी कधी लागत नाही.

आणि घावन! हे तुम्ही दाखवेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नसतं. सकाळी झाकण उलटं करून तीन दगडांवर ठेवायचं, खाली मूठभर निखारे. उलटं झाकण मध्ये किंचित खोलगट असतं, त्यामुळे पातळ पीठ आपोआप मध्याकडे सरकतं आणि जाळी सुरेख पडते. समोरच्या तंबूतलं अमेरिकन जोडपं हातात कॉफीचे कप घेऊन बघत उभं राहिलं होतं. तुम्ही त्यांना पहिलं घावन दिलंत आणि दुसरं मला, हे मी विसरलेले नाही.

ब्रिगम सिटीकडच्या पीचचा तुमचा कॉबलर, म्हणजे फळांवर पीठ घालून भाजलेला गोड पदार्थ, सगळ्यांना आवडतो. युटात डच ओव्हन म्हटलं की लोक कॉबलर आणि बेकन-कांदा-बटाटे हीच नावं घेतात. तुम्ही त्यात जायफळ घालता ते तर फारच छान. पण माझं मत विचाराल तर तुमची झुकिनीची तवसळी त्याच्या वरचढ. ऑगस्टात इथे प्रत्येक परसात झुकिनीचं पीक उतू जातं, शेजारी न विचारता दारात ठेवून जातात. ती किसून, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची. आठ खाली, सोळा वर. हळदीचं पान मिळत नाही याची हळहळ तुम्ही दर वेळी करता. मला ती उणीव जाणवत नाही, कारण कडेला जो गुळाचा खरपूस पापुद्रा धरतो तो ओव्हनमधल्या तवसळीला येत नाही. तो खरवडून खायचा मान लेकीचा, यावर आमच्याकडे आता वाद नाही.

हेही तुमच्याकडूनच कळलं, की युटाच्या विधिमंडळाने 1997 साली डच ओव्हनला राज्याचं अधिकृत भांडं ठरवलं. आमच्या ग्रुपवर टाकलं तर कुणाचा विश्वास बसेना. महाराष्ट्राला शेकरू आहे, हरियाल आहे, पण भांडं ठरवायला बसले तर कोल्हापूर, नागपूर आणि मालवण एकमेकांशी कायमचं बोलणं सोडतील.

काका, तुमची एक सवय मी मुद्दाम उचलली आहे, ती इथे सांगतेच. जेवणं झाली की तुम्ही भांड्यात गरम पाणी घालून लाकडी उलथन्याने खरवडता. गार पाणी कधीच नाही, तापलेलं बीड तडकतं. साबणाला फार हात लावत नाही. मग भांडं निखाऱ्यांवर कोरडं करून तेलाचा बोळा आतून-बाहेरून फिरवता आणि अस्वलं आहेत म्हणून सगळं गाडीत बंद करून टाकता. त्यानंतर राखेवर पाणी ओतून काठीने ढवळता, पुन्हा ओतता, आणि शेवटी हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघता. जराशी ऊब लागली तरी आणखी एक बादली. कोरड्या उन्हाळ्यात आगीवर बंदी आली तेव्हा आख्खी सहल तुम्ही गार दहीभातावर काढलीत आणि एक शब्द कुरकुरला नाहीत. रस्सा शिकवणारे आणखीही भेटतील, पण हे लेकीने तुमच्याकडे बघून उचललं. आता राखेला हात लावून बघितल्याशिवाय ती झोपायला जात नाही.

तर मनापासून आभार. हे वाचून फोन कराल तेव्हा हवामानाचं मी ऐकून घेणार नाही. कामास गावावरून मिरर लेककडे वर जाणारा रस्ता बर्फ वितळून उघडला की पहिल्याच शनिवारी या, काकूंनाही आणा. कोंबडी आणि कोळसे आमच्याकडे, वाटण तुमचं. तुम्ही "वापरून बघ" म्हणून दिलेलं दहा इंची भांडं मात्र परत मागू नका. ते आता आमच्या मसुरीला सरावलं आहे.

तुमची,
शेजारच्या तंबूतली