मापाच्या फितीबद्दल आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात मी आपल्याकडे आलो, तेव्हा माझे एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा सांगणारी तपासणी) 6.1 टक्के आणि सीआरपी (रक्तातले एक प्रथिन) लिटरमागे 4.2 मिलिग्रॅम होते. 5.7 ते 6.4 टक्के म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, एवढे मला ठाऊक होते. सीआरपी मात्र ‘शरीरातला दाह’ दाखवते असे कुठेसे वाचले होते आणि तो दाह शमवण्यासाठी हळदीच्या कॅप्सूलची महागडी बाटली मी पिशवीत घालून आणली होती.

आपण त्या बाटलीला नावे ठेवली नाहीत. सर्दी झाली आहे का, हिरड्या सुजल्या आहेत का, हे आधी विचारलेत, कारण तेवढ्यानेही सीआरपी वाढते. मग खणातून शिंप्याची फीत काढून माझ्या पोटाभोवती धरलीत आणि 98 सेंटिमीटरवर पेन्सिलने खूण केलीत. भारतीय पुरुषाने 90 च्या आत राहावे, असे सांगितलेत. पोटातली चरबी नुसती साठून राहत नाही, तिच्या पेशी फुगल्या की तिथे रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात, त्यांच्यातून पाझरणाऱ्या द्रव्यांमुळे यकृत सीआरपी तयार करू लागते आणि त्याच द्रव्यांमुळे इन्सुलिनचे काम अडते, हे आपण कागदावर गोल काढून इतक्या शांतपणे समजावलेत की माझे दोन रिपोर्ट म्हणजे एकाच दुखण्याच्या दोन बाजू आहेत, हे मला त्या दिवशी प्रथमच उमगले.

अमेरिकेतील डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमची माहितीही आपणच दिलीत. वजनात 7 टक्के घट आणि आठवड्याला 150 मिनिटे व्यायाम, एवढ्या उद्दिष्टावर तिथे मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले आणि वर्षभरात सीआरपी पुरुषांमध्ये 33, तर स्त्रियांमध्ये 29 टक्क्यांनी उतरले. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध घेणाऱ्यांमध्ये सीआरपीची ती घट अनुक्रमे 7 आणि 14 टक्केच होती. सीआरपीच्या या घटीत व्यायामापेक्षा वजन उतरण्याचा वाटा मोठा होता. भारतातील अशाच अभ्यासात मधुमेहाचे प्रमाण 28.5 टक्क्यांनीच घटले, हेही आपण लपवले नाहीत. त्या प्रामाणिकपणामुळेच माझा आपल्यावर विश्वास बसला.

माझ्या 82 किलोंचे 7 टक्के म्हणजे पावणेसहा किलो. आपण उपास बंद करायला सांगितले नाहीत, साबुदाण्याऐवजी राजगिरा आणि दही सुचवलेत. दुपारच्या चहाबरोबरची खारी सोडणे मला सर्वांत जड गेले, आणि दर शुक्रवारी आपला ‘या आठवड्यात किती वेळा?’ असा, रागाचा लवलेश नसलेला निरोप आला नसता, तर मी ती सोडली नसती.

आज माझे वजन 76 किलो, एचबीए1सी 5.8 आणि सीआरपी 2.4 आहे. फीत 91 वर येते. आपण ती मला घरी नेऊ दिलीत. परवा माझ्या थोरल्या बहिणीने ती स्वतःच्या पोटाभोवती धरून पाहिली आणि आपला पत्ता मागितला. पुढच्या सोमवारी मी तिला घेऊन येत आहे.

आपला कृतज्ञ,
एक रुग्ण, पुणे