युनिटच्या आकड्यासोबत सावलीचा आकडाही मागा

महोदय,

पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या सौर संचाला 78,000 रुपये केंद्रीय अनुदान असल्याने इंदूरच्या सुदामा नगर, लोकमान्य नगरसारख्या वस्त्यांतही गच्चीवर पॅनेल बसवण्याची चर्चा घरोघरी आहे. कोटेशनला पीव्हीवॉट्स किंवा पीव्हीसिस्ट या, संच किती वीज देईल याचा अंदाज काढणाऱ्या संगणक साधनांचा छापील अहवाल जोडलेला असतो आणि ग्राहक त्यातले वर्षाचे युनिट तेवढे वाचतो. खरे पाहायचे ते हे, की आत काय काय भरले होते.

पीव्हीवॉट्स हे मोफत साधन आहे आणि चांगले आहे. पण नुकसानीच्या रकान्याला हात लावला नाही, तर ते एकूण 14.08 टक्के घट धरते. त्यात सावली फक्त 3 टक्के, धूळ 2 टक्के. तुमच्या गच्चीवरची टाकी, जिन्याची खोली, शेजाऱ्याने चढवलेला मजला त्याला दिसत नाही; ते टक्के माणसाने मोजून भरायचे असतात. पीव्हीसिस्टमध्ये गच्चीचे त्रिमितीय चित्र काढता येते, पण त्यात वेळ जातो, म्हणून ते बहुधा टाळले जाते.

हिशोब अवघड नाही. इंदूरचे अक्षांश 22.7. डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत सकाळी साडेनऊच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून सुमारे 27 अंशांवर असतो, म्हणजे सावली वस्तूच्या उंचीच्या जवळपास दुप्पट. जिन्याची खोली पॅनेलपेक्षा 3 मीटर उंच असेल, तर सावली वायव्येला 6 मीटर जाते. (आपल्याकडे तेव्हा सूर्य सर्वांत उंच येतो तो घड्याळात साधारण 12 वाजून 25 मिनिटांनी, बाराला मोजून फसू नये.) स्ट्रिंगमधली, म्हणजे एका रांगेतली, पॅनेल एकामागून एक जोडलेली असल्याने एका कोपऱ्यावरची सावली साऱ्या रांगेला भोवते. समजा 3 टक्के सावली धरून वर्षाला 4,380 युनिट दाखवले आणि प्रत्यक्षात घट 15 टक्के निघाली, तर हाती 3,840च्या आसपास येतात.

दुसरा रकाना मांडणीचा. पत्र्याला चिकटून बसवायच्या पॅनेलला ‘मोकळा स्टँड’ निवडले, की खालून हवा खेळते असे गृहीत धरले जाते. मे महिन्यात पॅनेलचे तापमान 65 अंश सेल्सिअसवर गेले, तर 25 अंशांच्या तुलनेत प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्के, म्हणजे 14 टक्के उत्पादन घटते.

आणि एक गोष्ट या दोन्ही साधनांच्या नेहमीच्या अहवालात येत नाही: गल्लीतला ट्रान्सफॉर्मर. भर दुपारी अनेक घरे एकदम वीज परत पाठवू लागली, की ओळीच्या टोकाला व्होल्टेज चढते आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करणारे यंत्र) बंद पडतो. ऊन आहे, युनिट शून्य. त्यात इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची बारीक केबल भर घालते: 4 चौरस मिलिमीटरच्या 20 मीटर तांब्याच्या केबलमध्ये 13 अँपिअरला सुमारे अडीच व्होल्ट वाढतात, 10 चौरस मिलिमीटरमध्ये एक. आगाऊ देण्याआधी चार-पाच दुपारी मीटरपाशी व्होल्टेज मोजून घ्यावे. ते आधीच 245च्या वर असेल, तर जाड केबल लिहून घ्यावी आणि वीज कंपनीकडे ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची जोडणी) तपासण्याचा अर्ज नेट मीटरच्या (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरच्या) अर्जासोबतच द्यावा.

आपले,
सौर संचांचे आराखडे करणारे काही वाचक, इंदूर