टाकीचा पोचा

चि. बाळू यास,
अनेक आशीर्वाद.

आबांची होडीला लावायची सीगल मोटर यंदा माळ्यावरून खाली काढली. तुझी आई म्हणाली, भंगारात द्या, पितळेला चांगला भाव आहे. मी ऐकलं नाही. पाऊस पडेपर्यंत दुसरं काम नव्हतं, म्हणून टाकी दुरुस्त करायला घेतली.

तुला मोटरची मूळ गोष्ट कधी नीट सांगितली नाही. ही ब्रिटिश सीगल, इंग्लंडातल्या पूल नावाच्या गावच्या कारखान्यातली. आपल्या जायकवाडी धरणाचं उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते १९७६ला झालं. त्यानंतर तीन वर्षांनी आबांनी मुंबईच्या दारूखान्यात, जिथं जहाजं फोडतात तिथं, ही जुनी उचलली. ते तेव्हा मासळीच्या गुत्तेदाराकडं होते. धरणाच्या जलाशयावर, नाथसागरावर, वारा सुटला की वल्ह्यांनी काठ गाठताना छाती फुटते. या मोटरीला लिटरमागं १०० मिली ऑइल लागायचं, मागं धुराचा पट्टा राहायचा. आता पक्षी अभयारण्यात तसला धूर कोण चालू देईल? मी ती पाण्याच्या ड्रममध्येच चालवणार आहे.

पोचा कुठं आहे ते तुला सांगायला नको. टाकीच्या डाव्या कुशीला, मुठीएवढा.

संभाजीनगरला रेडिएटरवाल्या चाचांकडं नेली. आता नव्या गाड्यांना ॲल्युमिनियमचे रेडिएटर आले, त्यामुळं पितळेवर डाख लावणारा माणूस शोधावा लागतो. मी टाकी आठ दिवस उन्हात उघडी ठेवून गरम पाण्यानं, सर्फ घालून तीनदा धुतली होती. चाचांनी तोंडाला नाक लावलं आणि परत माझ्या हातात दिली. म्हणाले, अजून वास आहे, पुन्हा धुवा. पेट्रोलनं भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त उडते, आत वाफ कोंडलेली असते ना. शेवटी पोच्याच्या खालपर्यंत पाणी भरून, वरती थोडीच जागा ठेवून मगच त्यांनी दिवा पेटवला. सगळं पाणी भरलं असतं तर पितळ तापलंच नसतं, डाख धरला नसता.

हातोडी आत जात नाही, तोंड लहान. म्हणून पोच्याच्या तळाशी पितळेची सळई डाखानं चिकटवली आणि ती हळूहळू बाहेर ओढली. एकदा ओढून थोडं वर आलं, मग अडलं. पितळ ठोकाठोकीनं कडक होतं, मऊ करायला चांगलं लाल व्हावं लागतं. पण टाकीचे सांधे डाखाचे, ते दोनशेच्या आसपास वितळतात. चाचांनी सांध्यांवर ओलं फडकं गुंडाळलं आणि जेवढं जमलं तेवढंच केलं. अगदी सपाट नाही झालं. बादलीत बुडवून तोंडानं फुंकून बघितलं, बुडबुडा नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी घरी मी रंग खरवडत होतो, त्याची गोष्ट लिहायची आहे म्हणून कागद घेतला.

वरचा चंदेरी रंग माझा, २०१२चा. तुझ्या हातून टाकी धरणाच्या पिचिंगच्या दगडांवर पडली, पुट्टीची खपली निघाली, मी ती एम-सीलनं बुजवून वर चंदेरी मारला. तेव्हा नीट बघितलं नव्हतं. आता थिनर लावून एकेक थर काढला. एम-सील गेलं, त्याच्या कडेला जुनी पुट्टी निघाली, पांढरी, चुन्यासारखी. तिच्यावर निळा रंग होता. तो निळा मी ओळखतो. माझ्या लग्नात, १९९९ला, दारांना मारला होता, उरलेला डबा आबांनी मोटरीला लावला. आणि त्या पुट्टीच्या खाली, पोच्याच्या तळाशी, करड्या डाखाचा ओघळ. कुणीतरी आधीच कधीतरी तडा भरलेला.

म्हणजे पोचा १९९९च्या आधीचा. तुझा जन्म २००१चा.

मी बराच वेळ अंगणात तसाच बसलो. आई चहा ठेवून गेली, तो गार झाला. तो पोचा कुणाचा, आबांचा की मुंबईचाच, हे विचारायला आबा नाहीत. तुझ्या हातून फक्त जुनी पुट्टी निघाली होती. एवढ्यासाठी मी तुला मोटर चालू करायच्या दोरीनं मारलं होतं. तिला टोकाला गाठ असते. तू अकरा वर्षांचा होतास आणि घरी येऊन आईला म्हणालास की काट्यात पडलो. हे मला तिनं दहा वर्षांनी सांगितलं.

फोनवर हे बोलायला गेलो की तू म्हणशील, सोडा ना बाबा, आणि पगाराचं काढशील. म्हणून लिहितोय.

आता रंगाचं. तू चाकणला कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये आहेस, तुझ्यापुढं मी काय सांगणार. तू म्हणालास तसा पितळेवर साधा प्राइमर धरत नाही, म्हणून धातूला चावून धरणारा एचिंग प्राइमरच आणला. पहाटे पाचला मारला, कारण मे महिन्यात इथं दहाच्या पुढं रंग फवाऱ्यातून टाकीवर पोहोचेपर्यंत वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. धूळ बसू नये म्हणून अंगण आधी शिंपडलं होतं, तरी एक मुंगी चिकटलीच. ती ४००च्या पेपरनं काढली. नळाच्या आतलं बूच सुकून गेलं होतं, नवं कापून बसवलं. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते ओल धरतं, त्यामुळं टाकीत पेट्रोल साठवायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

पोच्याच्या जागी अजून थोडा खोलगटपणा आहे. हात फिरवला की कळतो. त्याच्यावर पुट्टी भरलेली नाही.

वरचा रंग राहिला आहे. हार्डनर मिसळायचा, दोन भागांचाच आणीन, पेट्रोल सांडलं तरी फुगणार नाही. पण कोणता ते तू कळव. निळा नको असेल तर तसं सांग. दिवाळीला आलास की तूच मार, तुझा हात माझ्यापेक्षा साफ आहे.

दोरी नवीन आणली आहे.

तुझा,
बाबा