पुलाखाली जंगलजेटी राहू द्या

महोदय,

सागरी महामार्गावरच्या खाडीपुलांविषयी गेल्या आठवड्यात आपल्या पत्रस्तंभात एका वाचकाचं पत्र होतं. पूल झाले की जंगलजेट्या, म्हणजे माणसं आणि गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटी, भंगारात काढाव्यात, ज्याला घाई असेल त्याच्यासाठी कोकण रेल्वे आहेच, असा एकूण सूर. पत्रलेखक मासे खात असावेत, पकडत नसावेत. मी पकडतो. अंबरनाथच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं लेथवर काढली, राहतो डोंबिवलीला, घर वेलदूरजवळ. निवृत्तीनंतर पावसाचे महिने सोडले तर महिन्यातून एकदा गरवायला, म्हणजे गरीने मासे पकडायला, गावी जातो. कधी गाडीने, कधी पाण्याने. दोन्हींचा हिशेब माझ्याकडे आहे, म्हणून हे पत्र.

गाडीचं आधी सांगतो, कारण घरातले सगळे तिच्याच बाजूचे. तुतारी एक्स्प्रेस रात्री बाराच्या सुमारास दादरहून सुटते आणि पहाटे चिपळूणला सोडते. तिथून गुहागर पंचेचाळीस किलोमीटर, एस.टी.ने दीड तास धरा. पुढे रिक्षा. सामान टाकून, चहा घेऊन अंजनवेलच्या खडपावर, म्हणजे समुद्रकाठच्या कातळावर, पोचायला साडेआठ वाजतात. ऐकायला छान वाटतं. आता भरतीचा हिशेब लावू. आमच्या वडिलांनी शिकवलेला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहा वाजता पाणी भरतं. नवमीला पावणेसात. म्हणजे मी खडपावर गरी टाकेपर्यंत पाणी उतरायला लागून दोन तास झालेले असतात. पोचल्यावर चढतं पाणी मिळायचं तर पुनवेपासून तिजेपर्यंत यायला हवं. पण ते दिवस उधाणाचे. पाणी गढूळ, ओढ अशी की पाव किलोचं शिसं जागेवर राहत नाही, तंगूस (गरीची दोरी) कालवांच्या धारेवर घासून तुटतो. मला भांग हवी, म्हणजे अष्टमी-नवमीची कमी ओढीची भरती. भांगेच्या पाण्यात गरी बसते, तांबोशी तोंड लावते, आणि ती लावते पहाटे. दुपारच्या भरतीलाही पाणी असतं, पण एप्रिलच्या उन्हात त्या कातळावर उभं राहून पाहा.

बरं, आरक्षण. नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 दिवस होते. भरती मला दोन महिने आधी काय, दोन वर्षं आधीसुद्धा सांगता येईल, भिंतीवर कालनिर्णय आहे. पण वारा पंचांगात नसतो. वारा कळतो दोन दिवस आधी, गावाहून फोन आला की. ‘काका, वारा पडलाय, या.’ त्या दिवशी तिकीट कुठून आणू? मग दिव्याहून सावंतवाडी पॅसेंजर. सकाळी सुटते, दुपारपर्यंत चिपळूणला पोचवते, पहाटेच्या भरतीसाठी आदल्या दिवशीच मुक्कामाला नेऊन ठेवते. कागदावर हीच गाडी उत्तम. फक्त तिच्यात सात फुटी कांडी (गरीची काठी), बादली आणि साठीतला माणूस एकाच वेळी शिरत नाहीत. दोन वर्षांपूर्वी मी कांडी बाकाखाली सरकवली होती. पनवेलला चढलेल्या एका गृहस्थांनी तिच्यावर तांदळाचं पोतं ठेवलं. टोकाचा तुकडा माणगाव यायच्या आधीच हातात आला. गृहस्थ म्हणाले, ‘काठीच आहे ना?’

आमिषाची गोष्ट तर माझ्याच चुकीची आहे, तीही कबूल करतो. एकदा वातानुकूलित डब्यात डब्यातून कोळंबी नेली होती. झाकण नीट लागलं नाही. खेडपर्यंत अख्खा डबा माझ्याकडे बघत होता. एका बाईंनी नाकाला पदर लावून विचारलं, ‘आजोबा, हे खायचं आहे का?’ मी म्हटलं, माशांना.

आता पाण्याची वाट. स्कूटर, मागे कांड्यांची पिशवी, पुढे पायाशी बादली. सकाळी भाऊच्या धक्क्याहून रो-रो, तासाभरात मांडवा. ही बोट मार्च 2020 पासून आहे. त्याआधी गेटवेहून लाँच धरायचो, पण तीत स्कूटर येत नव्हती. मांडव्याहून अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत आगरदांडा. तिथे पहिली जंगलजेटी, पलीकडे दिघी. मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला. दुसरी जेटी, सावित्रीच्या मुखातून वेश्वीला. दापोलीकडे वळताना हर्णैच्या बंदरावर थांबतो. संध्याकाळच्या लिलावाच्या वेळी पोचलो तर ताजं म्हाकूळ आणि कोळंबी तिथेच मिळते. डोंबिवलीहून आमिष वाहून नेण्याचा प्रश्नच मिटतो. शेवटी दाभोळ, आणि वाशिष्ठी ओलांडून धोपावे. मांडव्याचं धरून चार पाणी. दिवस मोडतो, कंबरही मोडते. तरी मी सांगतो, गरवणाऱ्याने शक्य असेल तेव्हा असंच जावं.

कारण एकच. जेटीवर उभं राहून पाणी दिसतं. दाभोळ-धोपावे पार करायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, त्यात मी उद्याचं सगळं वाचून घेतो. पाण्याचा रंग काय, सुकतीची, म्हणजे ओहोटीची, ओढ कुठल्या काठाला आहे, पांढरे पक्षी कुठे बुड्या मारतात, जाळ्यांचे बोये कुठवर आले आहेत. शेजारी वेलदूरची मासेवाली पाटी घेऊन उभी असते. तिच्या पाटीत काय आहे ते बघितलं की खाडीत काय फिरतंय ते कळतं. जेटीवरचा एक मुलगा मला ओळखतो, तो न विचारता सांगतो, ‘काल धक्क्याखाली पोरांनी शिंगाळे काढले, काका, पण तांबोशीचं नाव नाही.’ झालं, मी दुसऱ्या दिवशी जागा बदलतो. रेवदंड्याला पूल आहे. त्या पुलावरून मी कित्येकदा गेलो असेन, पण कुंडलिकेच्या पाण्याबद्दल मला आजही काडीची माहिती नाही. पुलावर थांबता येत नाही, मागचा हॉर्न वाजवतो.

जेटीचे दोष मला पत्रलेखकांपेक्षा जास्त माहीत आहेत. पूर्ण सुकतीला उतार शेवाळाने गुळगुळीत असतो. माझी स्कूटर एकदा मागच्या मागे घसरली, चौघांनी धरली म्हणून वाचली. बाणकोटच्या खाडीवर मी शेवटची फेरी चुकवली आहे. दोष वेळापत्रकाचा नव्हता, माझा होता. वाटेत एका पुलाखाली ‘दोनच मिनिटं’ गरी टाकून बघितली होती. रात्र देवळाच्या ओसरीवर काढली, हाताशी दोन बोईटं होती पण भाजायला काडेपेटी नव्हती. पाण्याची भीती म्हणाल तर ती आमच्या घरात जुनी आहे. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून आजी आषाढात कुणाला बोटीवर चढू देत नसे. जून-जुलैत मीही जात नाही. एक तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचे दिवस. मग आपण तरी काठावरून कशाला त्रास द्यायचा? नारळी पौर्णिमा झाली की बघू.

आता ‘पूल झाला की जेटी कशाला’ या मुद्द्याकडे येतो. माझा भाचा इंग्लंडात केंट परगण्यात राहतो. त्यालाही गरीचं वेड, आमच्याच घराण्याचं. वर्षातून एकदा तो मित्रांबरोबर फ्रान्सला जातो. तिथे खाजगी तळ्यांवर आठवडाभर तंबू ठोकून राहायचं, कार्प पकडायचा, वजन करायचं, फोटो काढायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. (सोडायचा! मी त्याला फोनवर तीनदा विचारून खात्री करून घेतली.) त्यांच्याकडे समुद्राखालून पन्नास किलोमीटरचा बोगदा आहे, 1994 मध्ये सुरू झालेला. फोकस्टनला मोटार आगगाडीच्या डब्यात चढवायची, मोटारीतच बसून राहायचं, पस्तीस मिनिटांत फ्रान्समधलं कॅले. शेजारच्या डोव्हरहून कॅलेला मोटारी नेणाऱ्या बोटीही आहेत, त्यांना दीड तास लागतो. बोगदा झाला तेव्हा बोटी संपणार असं तिथेही बोललं जात असणार. तीस वर्षं उलटली, डोव्हरहून बोटी सुटतातच आहेत.

मी भाच्याला विचारलं, तू कशाने जातोस? म्हणाला, ‘मामा, जाताना बोगदा, येताना बोट.’ जाताना शुक्रवारी कामावरून सुटून निघायचं असतं, तळ्यावर जागा धरायची घाई असते, वाऱ्याने बोट लांबली तर संध्याकाळ बुडते. येताना आठवडाभराचं जागरण डोळ्यांवर असतं. बोगद्याच्या गाडीत जेमतेम डुलकी लागते तोवर पुन्हा स्टिअरिंग हातात. बोटीवर मात्र मोटार खाली ठेवून वर जायचं, गरम जेवायचं, तासभर पाय पसरायचे. दोन वाटा आहेत म्हणून त्याला निवडता येतं. मला एवढंच म्हणायचं आहे.

आपल्याकडे गाडीवर मोटार चढवायचा प्रयोग कोकण रेल्वेने 2025 च्या गणपतीत केला. मालाचे ट्रक ती 1999 पासून नेतेच आहे. पण मोटार कोलाडला चढवायची ती गोव्यात वेर्ण्याला उतरवायची, मग कणकवलीजवळच्या नांदगावचा थांबा जोडला. गुहागरवाल्याने कोलाडला जाऊन मोटार चढवायची आणि नांदगावला उतरवून उलटं घरी यायचं, असा त्याचा अर्थ. त्याच सुमाराला मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गला मोठ्या रो-रो बोटीची घोषणा झाली. जयगडहून तवसाळ जेटीने पलीकडे, तिथून गुहागर फार लांब नाही. आता बघा, ती मोठी बोट जयगडला लागली तरी आमच्या तालुक्यात यायला खाडी ओलांडावीच लागते. लहान जेटीच काढून टाकली तर मोठ्या बोटीतून उतरलेला माणूस पूल होईपर्यंत काय पोहत येणार?

पुलांना माझा विरोध नाही. रेवस-रेड्डी रस्त्याचं बॅरिस्टर अंतुल्यांनी पाहिलेलं स्वप्न आमच्या पिढीने ऐकत ऐकत म्हातारपण गाठलं. रात्री-अपरात्री आजारी माणूस दापोलीला न्यायचा झाला तर पूल हवाच, त्याला जेटीची वाट बघायला लावणारा मी कोण? दाभोळ-धोपावे जेटी 2003 साली सुरू होण्याआधी दापोलीहून मोटार गुहागरला न्यायची तर अख्खा वळसा घालून चिपळूण गाठावं लागे, ते दिवस मी पाहिलेत.

माझ्या मागण्या लहान आहेत. पूल उभा राहिला तरी प्रत्येक खाडीवर सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन फेऱ्या राहाव्यात. पाटीवाल्या बाया, सायकलवाली पोरं आणि माझ्यासारखे म्हातारे तेवढ्यात भागवतील. धक्के पाडू नयेत. उताराचं शेवाळ आठवड्यातून एकदा खरवडावं. शेवटच्या फेरीची वेळ खाडीवर नव्हे, तर खाडीच्या अलीकडच्या तिठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावी. आणि नव्या पुलांच्या आराखड्यात पायी चालणाऱ्यांसाठी कठड्याला लागून चार फूट जागा सोडावी, म्हणजे निदान पाणी तरी बघता येईल.

सातवीतला नातू पुढच्या सुट्टीत बरोबर येतो म्हणतोय. त्याला मी गाडीनेच नेणार आहे, चार पाणी त्याला झेपणार नाहीत. कांडी दोन तुकड्यांची घेतली आहे, पिशवीत मावते. कोळंबी गुहागरच्या बाजारात घेऊ.

आपला,
एक जुना गरीवाला
(वेलदूर, ता. गुहागर; मुक्काम डोंबिवली)

ता. क. : नाव छापू नये ही विनंती. या वद्य नवमीला मेहुण्यांकडे साखरपुडा आहे, आणि गावाहून फोन आलाय की वारा पडलाय.